उजवीकडची कड

आमच्या घरातली सारी चित्रणे ह्यांनी केलेली. कॅमेरा सदैव त्यांच्याच हातात, त्यामुळे चित्रात ते कुठेच नाहीत. आहे तो फक्त कॅमेऱ्यामागचा आवाज. “जरा सरका.” “इकडे बघा.” “हसायला पैसे पडत नाहीत.” ते गेल्यानंतर एकदा लेक फोनवर म्हणाली, “आई, बाबा चालायचे कसे, तेच मला आठवेनासं झालंय.”

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडले. बहुतेक कॅसेटना बुरशी लागली होती. लेकीच्या लहानपणी तळ्याकाठी घालवलेल्या सुट्टीची तेवढी शाबूत होती. खिडकीच्या काचेत, पाण्यात, कुठेतरी त्यांचे प्रतिबिंब सापडेल, या आशेने मी ती पिशवीत घालून निघाले.

कॅसेटवरून डीव्हीडी करून देणारा दुकानदार माझाच शाळेतला जुना विद्यार्थी. वर्गातले भिंतीवरचे घड्याळ त्याने उघडून ठेवले आणि पुन्हा जुळवता आले नाही, तेव्हापासून सगळे त्याला घड्याळ्या म्हणत. दुकान जिन्याखालचे, अरुंद. आत तापलेल्या यंत्रांचा कोंदट वास.

“बाई, हे रुंद पडद्याचं शूटिंग आहे,” तो कॅसेट लावून पाहत म्हणाला. “काकांनी तसं बटण लावलं होतं. तुमचा टीव्ही जुना, चौकोनी. म्हणजे आजवर तुम्ही दोन्ही बाजू कापलेलंच बघत आलात. आता पूर्ण ठेवलं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील. कापलं तर पडदा भरेल.”

“पडदा भरलेलाच हवा. अर्धवट काही मला चालत नाही.”

“तेव्हा समास सोडला नाही म्हणून पट्टी मारायचात, आता कापायला सांगताय.”

“तोंड तेवढं तसंच आहे तुझं,” मी म्हणाले. तो हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज जरा दबका होता.

“बाई, उजव्या कडेला प्रत्येक दृश्यात एक माणूस उभा आहे. पाहुणे होते का कोणी?”

“आम्ही तिघेच होतो. तळ्यावरचा कोणी रिकामटेकडा रेंगाळत असेल.”

“पण तो खोलीतही आहे... जेवणाच्या टेबलापाशीसुद्धा.”

“मग काप त्याला.”

“एकदा येऊन बघता का?”

“काप म्हटलं ना.”

आमच्या खोलीत परका माणूस कसा, हे मी विचारायला हवे होते. एकदा दिलेला निर्णय फिरवायचा नाही, ही माझी वर्गातली शिस्त. तिचा मला अभिमान होता.

डिस्क आणायला गेले, तेव्हा घड्याळ्याने ती पुढे केली. पण हातातून सोडली नाही.

“वाईट वाटलं, बाई. तो सारखा हात वर करत होता. आत येऊ का, असं विचारल्यासारखा. उंच, जरा एका पायावर रेललेला. निळा स्वेटर. चष्म्याच्या काडीला पांढरी चिकटपट्टी...”

मी समोरच्या स्टुलावर बसले. त्या सुट्टीत हे स्वतःच्याच चष्म्यावर बसले होते. ती चिकटपट्टी मी लावली होती. घड्याळ्याने ह्यांना कधी पाहिलेले नव्हते.

“ते आमचे हे,” मी म्हणाले.

त्याने डिस्क टेबलावर ठेवली आणि विचारले, “मग... शूटिंग कोण करत होतं?”

“पूर्ण चित्र दाखव. आत्ता.”

त्याने कॅसेट पुन्हा लावली. वर-खाली काळ्या पट्ट्या, मध्ये करडे तळे. लेक पाण्यात खडे टाकत होती. उजव्या कडेला निळे कोपर दिसले, मग खांदा, मग पाठ. ते काठाकाठाने चालत होते. डावी टाच किंचित घासत... तीच चाल. मीसुद्धा विसरले होते. चालता चालता ते थांबले आणि आमच्याकडे वळू लागले. कानाची पाळी दिसली, ती पांढरी चिकटपट्टी दिसली.

आणि यंत्रात काहीतरी करकरले. चित्र फाटत गेले, पडदा निळा झाला. घड्याळ्याने घाईने झाकण उघडले. फीत तुटून आतल्या चाकांत चुरगळून बसली होती.

“दुसरी प्रत?” मी विचारले.

त्याने मान खाली घातली. “तुम्ही काप म्हणालात, म्हणून पूर्ण ठेवलंच नाही, बाई.”

त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. मी सांगितले तसेच त्याने केले होते.

ती डिस्क मी लेकीला पाठवलेली नाही. भर दुपारी पडदे ओढून मी ती एकदा पाहिली, एकटीने. चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेले, माझ्या सांगण्याप्रमाणे. तळे, काठावर शाल पांघरून बसलेली मी, आणि लेक. लेक मध्येच उजवीकडे बघून हसली आणि तिने चित्राबाहेर हात लांबवला. तिकडून कोणीतरी तिच्या तळहातावर खडा ठेवला.

मग ह्यांचा आवाज आला. हे चित्रण मी पूर्वी कितीदा पाहिले होते. तो आवाज नेहमी अगदी जवळून, कॅमेऱ्यामागून येई. आज तो उजवीकडून आला, जरा लांबून.

“अहो... मलाही घ्या ना थोडं आत.”

चित्र हलकेच उजवीकडे सरकले. निळ्या बाहीची किनार दिसली. मी खुर्चीतून अर्धी उठले. तिथेच ते सरकणे थांबले. कॅमेऱ्याला अगदी लागून कोणीतरी श्वास घेतला, सावकाश, घाई नसल्यासारखा. त्यानंतर आला तो आवाज आमच्या घरातल्या कोणाचाही नव्हता, घड्याळ्याचाही नव्हता. मंद, समजावणीचा.

“बाईंनी नको म्हटलंय.”

चित्रात, तळ्याकाठी, मी मान वर केली नाही. लेकीने मात्र लांबवलेला हात हळूहळू मागे घेतला.