विहिरीच्या पायऱ्यांवरचा फोटो

शालन डिसेंबरात गेली. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तिथं ठेवायला मोठा फोटो हवा म्हणून सुमितनं माझा मोबाईल मागितला. बराच वेळ तो बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "बाबा, यात आई कुठं हाय?"

मोबाईलमध्ये चार हजारांवर फोटो होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला होता. बगळे होते, खंड्या होता, नान्नजच्या माळावरची हरणं होती. बायको नव्हती. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून ती माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहायची. कधी फोटोत तिची सावली यायची. "सरक की तिकडं," असं मी खेकसायचो आणि तो फोटो काढून टाकायचो.

शेवटी फ्रेमवाल्यानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिला. पाहुणे त्याला फुलं वाहत होते. मी खाली बघत होतो.

तिनं आयुष्यात माझ्याकडं एकच फोटो मागितला होता. तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. धरण खूप आटलं की त्यांच्या वस्तीच्या विहिरीच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांचा दगड तिच्या आजोबांनी फोडलेला. त्या पायऱ्यांवर बसून तिला फोटो हवा होता. मागच्या मे महिन्यात मी तिला तिथं नेलंही होतं. पण आम्ही पोचलो आणि पलीकडं फ्लेमिंगो उतरले. "तू बस, मी आलोच," म्हणून मी गेलो. परत आलो तेव्हा अंधारून आलं होतं. "पुढच्या वर्षी काढू," म्हणालो. ती पिशवी उचलून होडीकडं निघाली.

या मे महिन्यात मी पुन्हा निघालो. निदान त्या पायऱ्यांचा फोटो काढून तिच्या फ्रेमशेजारी लावायचा, एवढंच ठरवलं होतं. धरण भरायला लागलं की पायऱ्या बुडणार होत्या.

आम्ही तिघं होतो. यशपाल हा शालनचा धाकटा भाऊ, टेंभुर्णीत टेम्पो चालवतो. हुसेनसाब मासेमार, मागच्या वर्षी आम्हाला त्यांनीच होडीतून नेलं होतं. दुपारी तीनला होडी सुटली. पाणी शांत होतं, वर आभाळ पांढरं पडलं होतं, आणि दूरवर बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे पाण्याबाहेर आले होते.

मध्यावर वारं सुटलं. लाटा आडव्या यायला लागल्या. होडीत पाणी आलं! यशपालला पोहता येत नाही. तो डब्यानं पाणी उपसत होता आणि मी मोबाईल छातीशी धरून बसलो होतो.

"दाजी," तो म्हणाला, "त्येला बुडायचं भ्या वाटतंय व्हय? आमालाबी वाटतंय की. धरा डबा."

मी डबा धरला. तेवढ्यात होडी पाण्याखालच्या खोडावर आदळली. करकरून आवाज झाला! हुसेनसाबनी वल्हं रोवून होडी सोडवली. काठाला लागलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

काठ म्हणजे नुसता गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला. पलीकडं दोनशे पावलांवर विहीर दिसत होती. हुसेनसाबनी बजावलं की वरून कडक दिसतंय, पण खाली सगळा चिखल आहे. गवत उगवलंय तिथूनच पाय टाकायचे. गवताची वाट लांबून वळसा घेत होती. मी सूर्याकडं बघितलं. पुन्हा उजेड जाईल असं वाटलं आणि मी सरळ निघालो.

दहा पावलं जमीन टणक होती. अकराव्याला मोडली!

मी मांडीपर्यंत गेलो. हललो तसा कमरेपर्यंत गेलो. एक हात वर होता, त्यात मोबाईल. यशपाल धावला, त्याला हुसेनसाबनी मागं ढकललं. स्वतः गाळावर पालथे पडले आणि वल्हं पुढं सरकवत माझ्याकडं आले.

"दोनी हातानं धरा."

मी एका हातानं धरलं. हात निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला. हुसेनसाबच्या छातीखालची जमीन फुटली! त्यांची हनुवटी चिखलात गेली.

"ते टाका हो," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "न्हायतर मीबी येतोय खाली."

पक्ष्यांसाठी मी बायकोला सोडून गेलो होतो. आता मोबाईलसाठी या माणसाला बुडवत होतो. मी मूठ उघडली. मोबाईल चिखलात गेला. दोन्ही हातांनी वल्हं धरलं. यशपालनं हुसेनसाबचे पाय ओढले, हुसेनसाबनी मला ओढलं. इंच इंच! डोक्यावरून फ्लेमिंगोंचा थवा गेला. मी वर बघितलं नाही.

मग आम्ही गवतावरून विहिरीशी गेलो. पायऱ्या तशाच होत्या. हुसेनसाबनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्वतःचा मोबाईल पुढं केला. मी तो घेतला. शालन माझ्यामागं उभी राहून म्हणायची, "अवो, काच पुसा की आदी. आन् जवळ जावा, हितनंच मोटं करू नगा." मी कधी ऐकलं नव्हतं. आता बनियनच्या कोरड्या टोकानं काच पुसली आणि जवळ गेलो.

हुसेनसाब हात धूत होते. ते हळूच म्हणाले, "भाभी तवा तासभर त्याच पायरीवर बसल्या हुत्या. केस विंचरले, पदराला पिन लावली. मला म्हनल्या, तुमीच काडा की एक. माजे हात माशाचे. मी म्हनलो, थांबा की, साहेब चांगला काडतील."

त्या दिवशी परतीच्या होडीत तिनं पदराची पिन काढून पिशवीत टाकली होती. मी फ्लेमिंगोंचे फोटो बघत होतो.

माझ्यानं पायऱ्यांचा फोटो निघेना. यशपालला म्हणालो, "तू बस तिथं." तो चिखलानं भरलेला होता, नको म्हणत होता. तरी बसला. मावळतीचं ऊन त्याच्या तोंडावर होतं. कपाळ आणि हनुवटी शालनची. मी गुडघ्यावर बसलो, हात स्थिर केला आणि फोटो काढला. मी काढलेला तो पहिला चांगला फोटो.

तो आता फ्रेमशेजारी लावला आहे. सुमित बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आईबी गेल्या वर्षी तितं गेलती की. मग तिचा का न्हाय काढला?"

मी म्हणालो, "उजेड नव्हता."

त्याला खरं सांगायचं राहिलं आहे.