बुटांचा वेगळा कप्पा

पिशवी फाटली ती नेमकी भर रस्त्यात. एक बूट माझ्या पायाशी आपटला, दुसरा उडी मारून एका बॅगांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. चिखलाने माखलेला, साइटवरचा दणकट बूट! मी पूल तपासते. आठवडाभर खांबांपाशी, गाळात उभी असते आणि शुक्रवारी कामावरूनच थेट दुसऱ्या गावी बाबांकडे जाते. आई गेल्यापासून ते एकटेच असतात.

दुकानातून दुकानदार बाहेर आला. गळ्यात मोजपट्टी, बोटाला शिवणकामाचं अंगुस्तान. त्याने बूट उचलून उलटासुलटा पाहिला.

“तुमचा?”

“हो… सॉरी, पायरी घाण झाली.”

“पायरी धुता येईल. पण हे बूट कपड्यांच्या बॅगेत कोंबता?”

“म्हणून तर वेगळी पिशवी घेतली होती.”

“दिसतेय,” तो फाटक्या पिशवीकडे बघत म्हणाला, आणि मला हसू आवरेना.

मी आत गेले. दोन दिवसांचे कपडे मावतील आणि बुटांना वेगळा कप्पा असेल अशी बॅग मागितली. एक निळी मला लगेच आवडली.

“ती नका घेऊ.”

“विकायलाच ठेवलीय ना?”

“ठेवलीय. पण तुमच्यासाठी नाही.” त्याने माझे बूट कागदात गुंडाळून तिच्या कप्प्यात सारले. कप्पा फुगला आणि थेट कपड्यांच्या जागेत घुसला. “बघा. कप्पा वेगळा आहे, जागा वेगळी नाही.”

तपकिरी बॅगेला जाळी नव्हती. “ओल आतच कोंडेल. रविवारपर्यंत घरचे हिला बाहेर काढतील.” तिसरीचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं, एकदा धुतलं की सुटणार.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. वरून धडधाकट दिसणाऱ्या पुलाची बारीक भेग मी जशी शोधते, तसा हा माणूस टाका न् टाका तपासत होता. आणि स्वतःचाच माल नापास करत होता!

“मग मी घेऊ तरी काय?”

“शिवून देतो. पुढच्या शुक्रवारी या.” पट्ट्याचं माप घ्यायला तो पुढे झाला, थबकला, आणि मोजपट्टी माझ्याच हातात देत म्हणाला, “खांद्यावर… तुम्हीच धरा.” त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला, “तळ बसवायचा राहिलाय.” त्याच्या पुढच्या शुक्रवारी, “चेन आली नाही.” मी चिडायला हवं होतं. पण तो चहा मागवायचा, स्टूल पुसून द्यायचा आणि असं ऐकायचा, जसं माझ्याशिवाय जगात कुणी बोलतच नाही.

“पूल आतून पोकळ झालाय, हे कळतं कसं?”

“हातोडीने ठोकायचं. पोकळ काँक्रीटचा आवाज वेगळा येतो.”

“आणि माणूस?”

“माणूस नजर चुकवतो.”

तो एकदम कात्री शोधायला लागला. कात्री त्याच्या हातातच होती.

चौथ्या शुक्रवारी माझ्या पर्समध्ये बदलीचा कागद होता. मी आत शिरताशिरताच म्हणाले, “बॅग आज हवीच. सोमवारी जातेय. खाडीवरचा पूल आहे, लांब. आठ महिने.”

शिलाई मशीन थांबलं. तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्याने खाली काढलं. कापडावर धूळ होती.

“दुसऱ्या शुक्रवारी आलात ना… तेव्हाच तयार होती.”

“आणि चेन?”

“खोटं बोललो. गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच.” आवाज जेमतेम ऐकू येत होता. “बॅग दिली असती, तर परत कशाला आला असता तुम्ही?”

मी बॅग उघडली. बुटांचा कप्पा तळाशी, त्यावर पातळ पण घट्ट फळी, म्हणजे कपड्यांची जागा तसूभरही कमी होणार नाही. दोन्ही टोकांना जाळी. अस्तर बटणांनी सुटणारं, धुता येणारं. आणि टाके… इतके बारीक, इतके सारखे, की मी त्यावरून बोट फिरवत राहिले. इतकं चोख काम माझ्यासाठी कधी कुणी केलं नव्हतं.

“दोन आठवडे मी बाबांकडे चिखलाचे कुडते नेले,” मी म्हणाले. “तुमच्यामुळे!”

त्याचा चेहरा पडला.

“आता माझंही ऐका. तुमचं दुकान माझ्या वाटेवर नाहीच. बस स्टँड उलट्या बाजूला आहे. पहिल्या दिवशी रस्ता चुकले होते… नंतरचे तीन शुक्रवार नाही चुकले.”

त्याने वर पाहिलं. पहिल्यांदाच त्याने नजर हटवली नाही. शेवटी मलाच हटवावी लागली.

“आठ महिने…” तो पुटपुटला.

“तिथूनही शनिवार-रविवार मी बाबांकडे येणारच आहे.”

“शनिवारी दुकान बंद ठेवता येतं,” तो घाईघाईने म्हणाला. “आजही येतं!”

“मग ठेवा. बाबांना बघायचंय.”

“बॅग?”

“बॅग शिवणाऱ्याला.”

त्याने मशीनवर कापड टाकलं, दिवे मालवले, शटर ओढलं. पण घाईत कुलूप काही लागेना. शेवटी मीच लावलं. मी किल्ली परत देताना त्याने किल्लीसकट माझा हात धरला… आणि बस सुटायला पाचच मिनिटं उरली होती म्हणून आम्ही तसेच, हात न सोडता, स्टँडकडे पळत सुटलो.