रिंगांची तोंडं

गल्लीत सगळे त्याला पट्टीमिस्त्री म्हणत. कुठेही फट दिसली की खिशातली पातळ पोलादी पट्टी घालून ती मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. घराची दारंखिडक्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. "लग्नाआधी माझ्या दातांतली फट मोजली नाही, हेच नशीब," असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

त्या सकाळी घरालगतच्या गॅरेजात तो लेकीच्या मोटरसायकलचं इंजिन बांधत होता. भंगारातून तिनेच हौसेने उचललेली गाडी. दुपारपाळीला तिला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि जायचं तर याच गाडीवर, असा तिचा हट्ट. लेकीचा हट्ट म्हटल्यावर मिस्त्री काय नाही म्हणतोय!

पिस्टनवर तीन रिंगा बसतात. प्रत्येक रिंग एका जागी तुटकी असते, त्या फटीला कारागीर रिंगेचं तोंड म्हणतात. तिन्ही तोंडं तीन दिशांना ठेवायची, म्हणजे एकीतून निसटलेला दाब दुसरी अडवते. ती एका रेषेत आली तर इंजिनात दम राहत नाही आणि गाडी धूर ओकते. मिस्त्रीने तोंडं नीट लावली, तेल सोडलं, रिंगा चिमटीत दाबून वरून सिलिंडरचा ब्लॉक बसवला, आणि मग कपाळावर हात मारला. ब्लॉकखालचं पॅकिंग टेबलावरच राहिलं होतं.

स्वतःला चार शिव्या घालत त्याने ब्लॉक पुन्हा उचलला. तिन्ही तोंडं एका रेषेत आली होती, मागच्या दाराकडे. दारात बसून लेक बुटांचे बंद बांधत होती.

"बाबा, झालं का?"

"होतंय. अति घाई संकटात नेई."

वय झालं, असं म्हणून त्याने तोंडं पुन्हा तीन दिशांना लावली आणि पॅकिंग घेऊन आला. तेवढ्यात लेक उठून टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीला, वाइसला, टेकून उभी राहिली होती. तिन्ही तोंडं वाइसकडे होती.

मिस्त्रीचा हात खिशाकडे गेला. पट्टी खिशात होती, पण हे पट्टीने मोजायचं नव्हतं.

"जरा खिडकीपाशी जा बघू."

ती गेली. तेलातून रिंगा सरकल्या, आवाज न करता, तिघी एकदम.

"आता शटरकडे."

"कवायत करून घेताय का माझी?" ती हसली आणि शटरकडे गेली. तिच्याबरोबर रिंगाही फिरल्या.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "ही गाडी तुला मिळणार नाही."

"म्हणजे? तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आता मोडतो."

"निदान कारण तरी सांगा."

आतून बायको म्हणाली, "अहो, पोरीचा पहिला दिवस आहे. सुतक असल्यासारखं काय बोलताय?" लेकीने पर्स उचलली. "बसने जाते," एवढंच म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली.

मिस्त्री स्टूल ओढून पिस्टनसमोर बसला. तोंडं रस्त्याकडे वळली. थोड्या वेळाने उजवीकडे गेली, तिकडे बसस्टॉप. मग बराच वेळ हलली नाहीत, आणि नंतर नदीवरच्या पुलाच्या दिशेने हळूहळू सरकू लागली. बस मिळाली म्हणायची. त्याचा जीव भांड्यात पडला. गाडी नाही मिळाली तर नाही मिळाली, पोरगी रुसेल आणि चार दिवसांनी बोलेल. ती कुठवर पोहोचली हे आपल्याला इथे बसून कळतंय, याचं त्याला बरंच वाटू लागलं. त्याने हात पुसायला फडकं घेतलं.

वरची रिंग एकटीच हलली.

मग मधली.

खालची थोडी थांबली, आणि तीही निघाली.

तीन तोंडं, तीन दिशा; पोरीच्या मागे आता एकही नव्हतं. कुठल्याही मिस्त्रीने चूक काढली नसती.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"पोहोचली का हो?" बायकोने आतून विचारलं.

अंगठ्याने ढकलून त्याने तिन्ही तोंडं एका रेषेत आणली, पुलाच्या बाजूला, आणि दाबून धरली. अंगठा पांढरा पडला.

"अहो, ऐकताय ना? पोहोचली का?"

अंगठा सुटला. तेलातून सरकत एकेक रिंग आपल्या जागी गेली, जिथे ती असायला हवी तिथे.