अंड्यातली लाल बेटं

सोलापूरजवळच्या माळरानावरच्या उबवण केंद्रात त्या वर्षी माळढोक या दुर्मिळ पक्ष्याचं एकच अंडं आलं होतं, आणि तेवढंच खंडूने उचलून बाद पेटीत ठेवलं.

खंडू हा केंद्रातला यंत्रमानव. आधी तो एका पोल्ट्रीत कामाला होता आणि तिथला शिरस्ता त्याच्या अंगात पुरता मुरला होता. अंडं दिव्यापुढे धरायचं, आत लाल डाग दिसला की बाजूला काढायचं. त्यात विचारायचं काय, असा त्याचा खाक्या.

सहावीतली शिवलीला सुट्टीत आजोबांकडे आली होती. अंडं बाद झालेलं पाहून ती आजोबांना बोलवायला धावली. तिचे आजोबा डॉ. सिद्राम बिराजदार हे केंद्रातले गर्भशास्त्रज्ञ (जीव कसा घडत जातो हे अभ्यासणारे). त्यांनी आधी अंडं पुन्हा उबेत ठेवलं आणि मग पडद्यावर त्याचं आतलं चित्र लावलं. खंडू मात्र हटेना. गर्भाचं हृदय अजून सुरू झालेलं नाही, तरी लाल ठिपके आहेत, म्हणजे रक्त सांडलंय, असं त्याचं म्हणणं. शिवलीलाला ते पटायला लागलं होतं आणि म्हणूनच तिला रडू येत होतं.

आजोबांनी तिला ठिपके नीट बघायला सांगितले. ती बराच वेळ बघत राहिली.

"सांडलं असतं तर एका जागी पसरलं असतं," ती हळूच म्हणाली. "हे तर गर्भाभोवती रिंगण धरून आहेत. पण हृदयच चालत नाही, तर रक्त तिथे पोचलं कसं?"

"पोचलं नाही. तिथेच तयार झालं."

मग आजोबांनी सावकाश समजावलं. सुरुवातीला गर्भ म्हणजे पेशींचे तीन थर. त्यातल्या मधल्या थरातल्या, म्हणजे मध्यस्तरातल्या काही पेशी जागोजागी घोळका करतात. हीच रक्तद्वीपं (रक्ताची बेटं). घोळक्यातल्या आतल्या पेशींचं रक्त होतं, कडेच्या पेशी चपट्या होऊन त्याभोवती भिंत धरतात. अशी रक्तवाहिनीची तुकड्यातुकड्यांनी सुरुवात होते. गावात नळ आणताना आपण टाकीपासून पाइप टाकत जातो. इथे गल्लोगल्ली आपापले पाइप तयार होतात, मग ते एकमेकांना जोडले जातात आणि शेवटी हृदयालाही. ते हृदयही मध्यस्तरातूनच घडतं.

"आणि जोडले गेले नाहीत तर?" शिवलीलाने विचारलं.

"तर पिल्लू जगत नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडही न धुता पडद्यापुढे जाऊन बसली. ठिपके गायब होते. त्यांच्या जागी बारीक लाल जाळी पसरली होती आणि मधोमध मोहरीएवढं काहीतरी उडत होतं. प्रत्येक उडीबरोबर जाळीतलं रक्त पुढे सरकत होतं. शिवलीलाला इतका आनंद झाला की तिने टाळ्याच पिटल्या.

खंडू मागे येऊन उभा राहिला होता. "मग पोल्ट्रीत मी बाजूला काढलेली अंडी?" त्याने विचारलं.

आजोबांनी सांगितलं, की ती खाण्याची अंडी होती. त्यांत गर्भ नव्हताच. तिथला डाग कोंबडीच्या पोटातली बारीक रक्तवाहिनी फुटल्याने पडतो. "तू तिथे काही चुकला नाहीस," ते म्हणाले.

खंडूने उबवण पेटीवर स्वतःचा हात ठेवला आणि शिवलीलाला म्हणाला, "तू तोंड धुऊन, काहीतरी खाऊन ये. मी याच्याजवळ थांबतो."