पोपटी गाडी पांढरी कशी झाली?

"वाकून बस ना! तुझं डोकं दिसतंय!" तृप्तीने राकेशला पाण्याच्या टाकीमागे खाली ओढलं.

"डोकं दिसू दे. चोर दिसला म्हणजे झालं!"

तृप्तीची मैत्रीण तेजल मात्र समोर एकटक बघत होती. २००२ सालची मे महिन्याची सुट्टी. नाशकात, पेठ रोडवरच्या धर्मादाय दवाखान्याच्या आवारात ती रोज यायची आणि रोज तिचा चेहरा पडायचा, कारण समोर आईची गाडी उभी असायची.

फिरता दवाखाना! फायबरची बॉडी, आत तपासायचं टेबल आणि औषधांचे कप्पे. पाड्यांवरची मुलं सुईला घाबरतात, म्हणून डॉक्टर आईने गाडीला मजेदार रंग द्यायचं ठरवलं होतं. नेमका पोपटी निवडला होता तेव्हा पाच वर्षांच्या असलेल्या तेजलने. आई गेल्या दिवाळीत गेली. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती, आणि दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती. हात लावला की खडूसारखी भुकटी!

काल संस्थेचे अध्यक्ष खंडेरावकाका आले, गाडीवर बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. "बॉडी कुजली. सावळघाटात एखाद्या वळणावर तुटून पडायची! नवे डॉक्टर इथेच बसतील. शनिवारी भंगारवाला येतोय." एवढं बोलून ते चहाला गेलेसुद्धा.

आज शुक्रवार होता.

"मी सांगतो, कुणीतरी मुद्दाम भुकटी टाकतंय," राकेश कुजबुजला. तो तेजलचा मावसभाऊ, सटाण्याहून सुट्टीला आलेला आणि हेरगिरीची भारी हौस असलेला. "श्श! आला!"

हातात बादली घेऊन एक माणूस गाडीजवळ आला. नारळाची शेंडी राखेत बुडवून खसाखसा घासू लागला.

"सापडला!" राकेशने उडी मारली, आणि तिथेच थबकला.

ते कोंडाजीमामा होते. सात वर्षं आईची गाडी चालवणारे कोंडाजीमामा!

"मामा, तुम्ही?" तेजल टाकीमागून बाहेर आली.

"बाईंची गाडी हाय ना, ताई. मळकी दिसाया लागली. बाई गेल्यापास्नं एक दिस चुकवला नाय. पर घासावी तितकी पांढरी पडती! काल तर भांड्याची पावडर बी लावली."

तेजलने गाडीकडे नीट पाहिलं. मामांचा हात पोचतो तिथपर्यंत गाडी पांढरीफटक होती. त्याच्या वर मळकट का होईना, पण हिरवी झाक होती. दारावर पोलिओचं जुनं पोस्टर होतं. तिने त्याचा कोपरा धरून ओढला.

खाली पोपटी रंग! चकचकीत, अगदी पहिल्या दिवशीसारखा!

"अरे बाप रे!" तृप्ती ओरडली.

"इथे ऊन लागलं नाही आणि राखही लागली नाही," तेजल हळूहळू म्हणाली. "म्हणजे बॉडी कुजलेली नाही. वरचा पापुद्रा तेवढा खराब झालाय."

"म्हंजी... म्याच?" कोंडाजीमामा मटकन खाली बसले. शेंडी हातातच राहिली.

क्षणभर तेजलला त्यांचा राग आला, खूप राग. मग त्यांच्या राखेने भेगाळलेल्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला रडूच आलं. ती त्यांच्याशेजारी बसली.

"रडताय काय? माझ्या बाबांचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे!" तृप्ती सायकलकडे पळाली.

तासाभरात ती पॉलिशचा डबा, मेण आणि मऊ फडकी घेऊन आली. "बाबा म्हणाले, गाडी सावलीत घ्या. एका वेळी हातभर जागा. जोर लावायचा नाही. आणि शेवटी मेण लावायलाच हवं, नाहीतर उन्हाने पुन्हा पांढरी होईल!"

चिंचेखाली गाडी घेऊन चौघं कामाला लागली. फडकी पांढरी होत गेली आणि खालून पोपटी रंग वर येत गेला.

"माझे हात गळून पडले, तर तेही भंगारात द्या!" राकेश कण्हला.

"कोण घेणार? किलोभरही भरायचे नाहीत!" तृप्तीने चिडवलं.

तेजलही हसली, कितीतरी दिवसांनी. पण संध्याकाळ झाली तेव्हा एकच बाजू पुरी झाली होती.

"आता?" राकेशने विचारलं.

"मामा, पांढरी बाजू फाटकाकडे करून लावा," तेजल म्हणाली.

सकाळी खंडेरावकाका भंगारवाल्याला घेऊन आले. सवयीने गाडीवर बोट फिरवलं, पांढरं बोट वर केलं. "बघितलं? कुजली!"

"काका, एकदा पलीकडून बघता?" तेजल म्हणाली.

काका वळसा घालून गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. "ही... ही कुठली गाडी?"

"बोट फिरवा ना!" राकेशला राहवलं नाही.

काकांनी बोट फिरवलं. बोट स्वच्छ! पुन्हा फिरवलं, जोराने. स्वच्छच! त्या पोपटी रंगात त्यांचा वासलेला आ तेवढा दिसत होता.

"साहेब, ही भंगारात देताय?" भंगारवाला म्हणाला. "मग मी तोडत नाही, मीच चालवतो!"

तेजलने पोस्टरखालची जागा दाखवली आणि सगळं सांगितलं. कोंडाजीमामा मान खाली घालून उभे होते. काकांनी आधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरांनो, मी बोटभर पाहिलं आणि निकाल देऊन मोकळा झालो. तुम्ही अख्खी गाडी पाहिलीत. शाबास! दुसरी बाजू पुरी करा. गाडी पेठला जाईल."

सोमवारी गाडी घाट चढली. नव्या डॉक्टरांच्या मागे तिघं दाटीवाटीने बसली होती. पाडा जवळ आला, तशी लांबून पोपटी रंग पाहून म्हातारी फुलाबाई काठी टेकत धावत आली.

"बाई आली! माजी डॉक्टरीणबाई आली!"

इथवर बातमी पोचलीच नव्हती. मामांनी तोंड फिरवलं. तेजल खाली उतरली.

"आई नाही आली, आजी. आई आता येणार नाही. गाडी आलीय."

फुलाबाईने काठी गाडीला टेकवून ठेवली. मग तिने गाडीवरून हात फिरवला, सावकाश, आणि तोच हात तेजलच्या तोंडावरून फिरवला.