अळणी ताट

उदगीरहून देगलूरच्या रस्त्याला लागलं की तेरा-चौदा किलोमीटरवर डाव्या हाताला एक कच्चा फाटा फुटतो. दर मंगळवारी अन् शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला पंचशीलाची स्कूटी त्या फाट्यावर वळायची. डिकीत रक्तदाबाचं यंत्र, गोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली. पाठीवरच्या सॅकमध्ये स्टेथोस्कोप अन् वही. दवाखान्यातून घरी सोडलेल्या हृदयाच्या पेशंटकडं घरी जाऊन बघायचं, ही तिची नोकरी. अशी अकरा घरं तिच्याकडं होती. त्यातलं सगळ्यात अवघड घर शिवप्पांचं.

शिवप्पा अडुसष्ट वर्षांचे. उदगीरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं तोलारी होते, धान्याची पोती तोलायचे. आता त्यांचं काळीज फुगून सैल पडलं होतं. रक्त पुढं ढकलायची ताकद कमी झाली, की अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, आडवं झालं की दम कोंडायचा. हिवाळ्यात दोनदा दवाखाना झाला होता. "तिसऱ्यांदा आणावं लागलं तर काही सांगता येत नाही," डॉक्टर पंचशीलाला बाजूला घेऊन म्हणाले होते.

तिनं घरात तीन गोष्टी लावून दिल्या. सकाळी उठल्यावर वजन. पाणी मोजून. अन् मीठ नावाला. वजनकाट्यावर चढताना शिवप्पा रोज कुरकुरायचे, "चाळीस वर्षं दुनियेला तोललं मी. आता माझंच माप काढून राहिलात व्हय?" पण चढायचे. पाण्याचंही जमलं. गाडी अडली ती मिठावर.

"अळणी मेलेल्याला वाढतात, बाई," ते म्हणायचे. "मी जिता हाय अजून."

मार्चच्या शेवटी त्यांचं वजन चार दिवसांत एकसष्टवरून साडेचौसष्टवर गेलं. पंचशीलानं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, तर पडलेला खड्डा भरेचना. पाठीला स्टेथोस्कोप लावला. खालच्या बाजूला, पाणी भरलेल्या फुप्फुसाचा तो बारीक चरचर आवाज. ओल्या वाळूवर कुणी हळूहळू पाय ठेवावा तसा.

"वैनी, मीठ बंद केलंय ना खरंच?" तिनं शिवप्पांच्या सुनेला, शिवकांताला विचारलं.

"हाव, सिस्टर," शिवकांता म्हणाली. पण बोलताना तिची नजर जमिनीवर होती.

पंचशीलानं डॉक्टरांना फोन लावून लघवीच्या गोळीचा डोस वाढवून घेतला अन् बजावलं, शुक्रवारपर्यंत उतार पडला नाही तर गाडी बोलवावी लागेल.

शुक्रवारी ती धास्तावूनच आली. शिवप्पा ओट्यावर सावलीला बसून चिंचा फोडत होते. वजन बासष्ट. पुढच्या मंगळवारी साठ किलो आठशे. पायाची सूज गेलेली. दम न कोंडता एका उशीवर झोप लागली म्हणाले. पंचशीलाला एवढा आनंद झाला, की तिनं वहीत त्या आकड्याभोवती गोल काढला. गोळी लागू पडली.

निघताना शिवकांतानं तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं अन् दार लोटून घेतलं.

"सिस्टर, तुमच्याशी खोटं बोलले मी. मी मीठ कधी बंदच केलं न्हाई. अळणी वाढलं की मामा ताट भिरकावतात. लेकरांसमोर शिव्या देतात. मग घालत होते मी... रोज."

पंचशीलाला राग आला. पण तो ओठावर यायच्या आत तिच्या लक्षात आलं, की शिवकांतानं लोटलेल्या दाराची कडी अजून सोडलेली नाही.

"आता बी घालून राहिले," ती पुढं म्हणाली. "चुलीपाशी चाखते, बरोबर असतं. मामा म्हणतात ताट आतल्या खोलीत ठेव अन् दार लावून जा. त्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं म्या खाल्लं, तर... अळणी. वरण, भाजी, सगळं. आठ दिवस झाले."

"मनाला घोर असला की जिभेची चव जाते कधीकधी," पंचशीला म्हणाली.

"मग माझ्या ताटातलं बरोबर कसं लागतं? अन् आत मामा कुणाशी तरी बोलतात. हळू... जेवू घालताना बोलतात तसं."

शिवकांताचा नवरा दयानंद हैदराबादला गाडीवर ड्रायव्हर होता, महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. लेकरं शाळेत. भर दुपारच्या वेळी या बाईनं हे कुणाला सांगावं? पंचशीलाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिच्या घरात तो कधी कुणी शिकवलाच नव्हता. "शुक्रवारी माझ्या हातानं मीठ घालते," ती म्हणाली. "अन् मीच ताट नेते. एका घासात कळेल, पुढं खाऊ देत नाही."

शुक्रवारी ऊन असं होतं, की रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटत होतं. तिनं आधी शिवप्पांना तपासलं. वजन साठ किलो सहाशे. पाठीला स्टेथोस्कोप लावून खालपर्यंत ऐकलं. फुप्फुस कोरडं, स्वच्छ. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं वरणात चमचाभर मीठ टाकलं, ढवळलं, चाखलं. खारटच म्हणावं इतकं झालं होतं. ज्वारीची भाकरी, वरण, दोडक्याची भाजी. ताट घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

घराला पुढं स्लॅब होता, पण ही मागची खोली जुनीच होती. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली भुई. खिडकी बंद. लाईट गेलेली, पंखा थांबलेला. पत्रे उन्हानं कडकड वाजत होते अन् खोली मात्र गार होती. विहिरीच्या तळासारखी गार.

शिवप्पा पाटावर बसले होते. समोर दुसरा पाट मांडलेला. रिकामा.

"मी बसू का इथं, आप्पा?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "बसा. पण बोलू नका."

ती भिंतीला टेकून बसली. शिवप्पांनी ताट दोन पाटांच्या मधोमध ठेवलं अन् हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले. बाहेर कुठंतरी होला घुमत होता. तो थांबला. पत्र्यांचा आवाज थांबला. मग एक वास आला. ओल्या मातीचा, अन् त्यात मिसळलेला विभूतीचा.

अन् मग पंचशीलाला तो आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, शिवप्पांचाच श्वास. ओला, अर्धवट, मधे मधे तुटणारा. दर श्वासाच्या शेवटी तो बारीक चरचर आवाज, जो ती कानाला नळ्या लावल्याशिवाय कधीच ऐकू शकली नसती. पण शिवप्पांचं फुप्फुस तिनं दहा मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं. ती गुडघ्यावर सरकत पुढं गेली, स्टेथोस्कोप कानाला लावला अन् त्यांच्या पाठीवर टेकवला. कोरडं. स्वच्छ. तिनं नळ्या कानातून काढल्या... आवाज समोरून येत होता. रिकाम्या पाटावरून. पाण्यानं भरलेल्या छातीचं एक माणूस तिथं बसून, कष्टानं, श्वास ओढत होतं.

वरणावर एक बारीक तरंग उठला. वाटीच्या मधोमध सुरू झाला अन् कडेला जाऊन विरला. कुणीतरी बोट बुडवून काढावं तसा.

शिवप्पांनी भाकरी मोडली, वरणात बुडवली, खाल्ली. एक घास पंचशीलापुढं धरला. नाही म्हणायचं तिला सुचलं नाही. तिनं तो तोंडात घातला.

अळणी. मिठाचा कणही नाही.

"ऊटा आयता...?" कुणीतरी विचारलं. बाईचा आवाज. कानडीत, जेवण झालं का, एवढंच. दमलेल्या, पण मायेच्या आवाजात.

"आयतू," शिवप्पा हळूच म्हणाले. झालं.

पत्रे पुन्हा कडकडले. खोलीत उकाडा भरला.

पंचशीला पुन्हा भिंतीला टेकली. शिवप्पांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"शरणम्मा," ते म्हणाले. "माझी बायको. जाऊन तीन वर्षं झाली."

मग ते खाली बघत, थांबत थांबत बोलले. शरणम्मालाही दम लागायचा. पाय सुजायचे. उदगीरच्या एका डॉक्टरनं मीठ कमी करा म्हणून सांगितलं, तर तिनं स्वतःपुरती वेगळी भाजी टाकली. नेमके त्या दिवशी घरात पाहुणे होते. "अळणी पातेलं बघून माझं टाळकं सरकलं. म्हणालो, जित्या घरात मेल्याचा सैपाक करतीस? पातेलं अंगणात फेकून दिलं. ती काही बोलली न्हाई. त्या दिवसापासून माझ्याच पातेल्यातलं खात गेली. पाच महिन्यांत गेली. तिला कुणी काट्यावर उभं केलं न्हाई, बाई. तिचे पाय कुणी दाबून बघितले न्हाईत. चाळीस वर्षं तोलणारा माणूस मी, पण माझ्याच घरातलं माणूस कधी तोललं न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले. "आमच्यात मातीआड करताना विभूती टाकतात, मीठ टाकतात. अर्धं पोतं मीठ घातलं मी तिच्या अंगावर. जन्मभर पुरलं न्हाई म्हणून मेल्यावर बी मीठच. अन् ती हितं येऊन माझ्या ताटातलं काढून नेऊन राहिली. तसला श्वास घेत... ऐकलात ना तुम्ही?"

पंचशीलानं मान हलवली. ऐकलं नाही असं म्हणणं शक्यच नव्हतं. मग तिला एकच गोष्ट सुचली अन् ती तिनं सांगितली.

"आप्पा, ताटात मीठच नसलं तर काढायला त्यांना यावं लागणार नाही. एवढा श्वास ओढत त्यांना कशाला यायला लावता?"

शिवप्पांनी रिकामा पाट उचलून भिंतीला लावला. मग त्यांनी बाहेर हाक मारली. "शिवकांता, उद्यापासून माझं पातेलं वेगळं टाक, माय. अळणी."

त्या दिवसापासून ताट पुढच्या खोलीत यायला लागलं. शिवकांता चिंच, लिंबू, लसूण, हिरवी मिरची घालून भाजीला चव आणायला शिकली. पंचशीलाही घरी करून बघायची अन् जमलेलं तिला सांगायची. एप्रिल सरला, तसे शिवप्पा सकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालत जायला लागले. मग शेतापर्यंत. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. लेकरांना ते आता काट्यावर उभं करून मोंढ्यातल्या जुन्या आवाजात आकडा पुकारायचे, अन् घरभर हसू उठायचं. मागच्या खोलीला कुलूप होतं. तिथून काही ऐकू येत नाही, असं शिवकांतानं सांगितलं. तिसरा दवाखाना टळला होता. वहीत लागोपाठ सात आठवडे साठ-एकसष्ट. पंचशीलाच्या अकरा घरांत एवढी सरळ रेघ कुणाचीच नव्हती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली, तेव्हा शिवप्पा शेतात होते. शिवकांतानं चहा टाकला, पोहे पुढं ठेवले अन् समोर बसली. चेहरा थोडा सुजल्यासारखा वाटत होता.

"सिस्टर, एक सांगू का? हसू नका." तिनं एकदा दाराकडं बघून घेतलं. "मामाचं ताट आता मीच अळणी करते. पण परवापासून... माझं बी अळणी लागून राहिलंय. मीठ घालते, चाखते, बरोबर असतं. ताटात घेतलं की न्हाई. लेकरांच्या ताटातलं बरोबर असतंय. फक्त माझ्या."

पंचशीलानं पोह्यांची बशी बाजूला सारली. दोन-अडीच महिने आठवड्यातून दोनदा ती या घरात येत होती. या बाईच्या दंडाला पट्टा लावायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"हात पुढं करा."

पट्टा आवळत गेला. शिवकांता भिंतीकडं बघत होती. आकडा चढला, थरथरला, उतरून थांबला. एकशे शहात्तर, खाली एकशे आठ. पाच मिनिटं थांबून पंचशीलानं पुन्हा घेतला. तोच.

"डोकं दुखतं?"

"रोजच. उन्हानं दुखतंय म्हणलं."

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन केला, मग दयानंदला. शेजारची रिक्षा बोलावली, शिवकांताला बसवलं, सोबतीला शेजारची बाई दिली. वेळेवर कळलं, डॉक्टर फोनवर म्हणाले. अजून महिनाभर असंच गेलं असतं तर डोक्यात रक्तस्राव व्हायला वेळ लागला नसता. आता गोळ्यांवर आटोक्यात येईल. पंचशीलानं वहीचं नवं पान उघडलं अन् वर लिहिलं, शिवकांता, वय चौतीस. तिच्या स्वतःच्या नावाचं पान मात्र त्या वहीत नव्हतं.

रिक्षा धुरळ्यात दिसेनाशी झाली, तेव्हा शिवप्पा शेतातून आले. सगळं ऐकून ते ओट्यावर टेकले. घाबरले नाहीत.

"म्या शरणम्माला म्हणालो होतो," ते म्हणाले. "मी बरा हाय, आता ये-जा नको करूस, थकशील. तर म्हणाली, इन्नू केलसा अद." मग त्यांनी पंचशीलाला अर्थ सांगितला. "अजून काम हाय."

पंचशीलानं सॅक पाठीला लावली. बरं वाटत होतं तिला. एक जीव वाचला होता, कदाचित दोन. कच्चा रस्ता संपवून ती डांबरीपाशी आली. माथ्यावर ऊन होतं, हेल्मेटमधून घामाच्या धारा कपाळावरून, गालावरून उतरत होत्या. फाट्यावर ट्रक जाऊ द्यायला ती थांबली, तेव्हा वरच्या ओठावर साचलेला घाम तिनं सहज जिभेनं टिपला.

मग पुन्हा एकदा टिपला.

घाम अळणी होता.