कोठीच्या खोलीतली उचकी

हे खरं आहे. मी स्वतः तिथं बसले होते.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नव्हती, लाइट गेलेली नव्हती, सुनसान रस्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. लातूर. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. घरात कूलर चालू होता आणि आम्ही सगळे हसत होतो.

तुम्हाला भीती वाटावी म्हणून मी हे लिहीत नाहीये. मला स्वतःला भीतीपेक्षा राग जास्त आलाय. अजून गेला नाही.

माझं नाव आरती. मूळची नांदेडची, लातुरात कॉलेजला इंग्रजी शिकवते. आमचा छोटासा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एका पुस्तकावर बोलायचं, चहा प्यायचा, घरी जायचं.

त्या रविवारी आम्ही तारामतीताईंकडे जमलो होतो. पन्नाशीच्या, फार कमी बोलणाऱ्या बाई. पुस्तक मात्र पूर्ण वाचून यायच्या. त्यांचे मिस्टर भीमाशंकरराव चाकूरकडचे मोठे शेतकरी. गावात जमीन, लातुरात बंगला. ते काही वाचायचे नाहीत. पण शिकलेली माणसं घरी आलेली त्यांना आवडायची. पेपर उघडून सोफ्यावर बसून राहायचे.

पुस्तक मी सुचवलं होतं. एक आयरिश कादंबरी. सगळ्यांना इंग्रजी जमत नाही, म्हणून गोष्ट मीच मराठीत सांगायची असं ठरलं होतं.

गोष्ट अशी. समुद्राकाठचं एक खेडं. तिथल्या एका बाईला कुणीतरी दलदलीत ढकलून मारलंय. पण ती गावातल्या प्रत्येक मयतीला हजर राहते. लोक उठून तिला खुर्ची देतात. चहा देतात. ती केकला नावं ठेवते, पाद्र्याच्या भाषणात जांभया देते. अख्खं गाव तिच्याशी गप्पा मारतं.

फक्त एक प्रश्न तिला कुणी विचारत नाही.

तुला कुणी मारलं?

कारण सगळ्यांना माहीत असतं.

बँकेतला व्यंकट म्हणाला, आपल्याकडं आली असती तर तेराव्याच्या भज्यांना नावं ठेवली असती. आम्ही पोट धरून हसलो. भीमाशंकररावसुद्धा पेपरामागून हसले.

हसू थांबलं...

आणि आतून उचकी ऐकू आली.

एकच. बाईमाणसाची.

मला वाटलं, स्वयंपाकघरात कामवाली असेल. मी पुढं सांगत गेले. गावातल्या बायका त्या मेलेल्या बाईला विचारतात, तिकडं थंडी वाजते का...

परत उचकी.

मग लागोपाठ. कोरडी. घसा सोलून काढणारी.

व्यंकटनं विचारलं, आत कोण आहे, पाणी तरी द्या. तारामतीताई म्हणाल्या, आत कुणीच नाही. कामवाली सुट्टीवर आहे.

त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. ओठांवर रंगच नव्हता.

आवाज स्वयंपाकघरातून येतच नव्हता. हॉलच्या टोकाला एक दार होतं. कोठीची खोली. तुरीचे, हरभऱ्याचे कट्टे, म्हणजे पोती ठेवायची. तिला खिडकी नव्हती. आणि दाराला बाहेरून कडी लावलेली होती.

भीमाशंकरराव पेपर खाली न घेता म्हणाले, "उंदीर असंल."

उंदराला उचकी लागत नाही.

पण कुणी तसं म्हणालं नाही. व्यंकटला वाटलं, कुणीतरी आमची गंमत करतंय. तो म्हणाला, कुणी आठवण काढली की उचकी लागते, आणि आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की थांबते. चला, नावं घेऊ. तो एकेकाचं नाव घ्यायला लागला. माझं घेतलं. वैजनाथ सरांचं घेतलं. वैजनाथ सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, भीमाशंकररावांच्याच गावचे. स्वतःचंही नाव घेतलं.

उचकी चालूच.

आता कुणी हसत नव्हतं.

तारामतीताई उभ्या राहिल्या. दाराकडं तोंड करून, हळू आवाजात, स्वतःचंच नाव त्यांनी घेतलं.

"तारामती."

उचकी थांबली.

कूलरचा आवाजही कुठंतरी लांब गेल्यासारखा वाटला. आणि मग त्या दारामागून...

"आक्का... पाणी द्या की."

मी ते ऐकलंय. माझ्या या कानांनी. तरुण बाईचा आवाज होता. शब्द जिभेला चिकटून तुटत होते.

तारामतीताई दाराकडं निघाल्या. त्या पोचायच्या आत दार आतून दणाणलं. एकदा. मग परत. मग थांबेचना. तळहातानं मारतात तसं नव्हतं ते. दोन्ही मुठींनी, सगळं अंग टाकून कुणीतरी दार हाणत होतं. कडी थडथडायला लागली. आता पाणी मागणं नव्हतं, विनवणी नव्हती.

"दार उघडा. उघडा दार."

राग होता. इतका राग मी कुठल्याच माणसाच्या आवाजात ऐकलेला नाही.

भीमाशंकरराव उठले. मला वाटलं, दार उघडायला उठले.

ते धावत गेले, आणि दोन्ही हातांनी कडी दाबून धरली.

दार उघडू नये म्हणून.

आम्ही सगळे बघत होतो. स्वतःच्या घरात, भर दिवसा, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणं नुसता उंदीर असलेल्या खोलीची कडी तो माणूस दाबून धरत होता. कपाळावरून घाम गळत होता.

तारामतीताई त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. आवाज चढवला नाही.

"त्या दिवशीबी अशीच धरली व्हती कडी तुमी."

"तारा, गप बस."

"पाण्याचा तांब्या घेऊन आल्ते मी. ती आतून आक्का, आक्का करत व्हती. आन् तुमी असंच कडीवर हात ठिवून हुबे व्हता."

मग त्या आमच्याकडं वळल्या आणि सगळं सांगितलं. दार मागं दणाणत होतं, आणि त्या सांगत होत्या.

ज्ञानेश्वरी. त्यांची धाकटी जाऊ. किनवटकडची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला. ती माहेरी परतली नाही. नवऱ्याच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर करा, मी कसते, एवढंच म्हणाली. भीमाशंकररावांनी तिला शेतातल्या आखाड्यावर, गुरं-अवजारं ठेवायच्या वस्तीवर नेलं आणि पत्र्याच्या खोलीत कोंडलं. डोकं ठिकाणावर येईपर्यंत राहू दे म्हणाले. महिना मे. दिवस कलल्यावर दार उघडलं, तेव्हा ती गेलेली होती.

गावाला सांगितलं, रानात काम करता करता ऊन लागलं. लगोलग जाळून टाकलं. तिची आई किनवटहून पोचली तेव्हा राख भरायचं चाललं होतं.

सांगताना तारामतीताई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, बारा वर्षं मी या घरात तिचं नाव घेतलं न्हाई. आज तुमची गोष्ट ऐकता ऐकता मनात सारखी तीच येत व्हती.

मी वैजनाथ सरांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. त्यांना हे नवीन नव्हतं. मला तेव्हाच कळलं. तिरडीला खांदा द्यायला ते होते, हे ताईंनी मागाहून सांगितलं.

अर्ध्या तासापूर्वी कादंबरीची गोष्ट ऐकताना हेच सर म्हणाले होते, असं तिकडंच होऊ शकतं, आपली माणसं गप्प बसत नाहीत.

आता ते उठले, चप्पल शोधली आणि म्हणाले, "घरातली गोष्ट हाय. घरातच मिटवा."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हणाले, सर, गोष्टीतल्या गावातले लोकपण हेच म्हणतात. तिथं निदान तिला खुर्ची तरी देतात.

त्यांनी चप्पल पायात घातली. निघून गेले. मागोमाग व्यंकट गेला. माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही त्यानं.

तारामतीताईंनी नवऱ्याचे हात धरले आणि कडीवरून काढले. तो धिप्पाड माणूस, पण हातात जोरच उरला नव्हता. भिंतीला टेकून खाली बसला.

दणदण थांबली.

ताईंनी कडी काढली. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

कट्टे होते. कोपऱ्यात जुनी चाळणी होती. बस.

पण धग... दारातून धगीचा लोट अंगावर आला. वर स्लॅब होता, त्यावर अजून एक मजला होता. पत्रा त्या घरात कुठंच नव्हता. तरी ती तापलेल्या पत्र्याखालची धग होती. माझ्या पापण्या जळल्यासारख्या झाल्या. ताई तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. जरा वेळानं धग कमी कमी होत गेली, आणि कूलरची हवा परत अंगाला लागली.

ताईंनी पिशवीसुद्धा घेतली नाही. नेसत्या लुगड्यानिशी माझ्याबरोबर बाहेर पडल्या. त्या परत त्या घरात गेल्या नाहीत.

तक्रार दिली आहे. ताईंनी जबाब दिलाय. पण देह नाही, पुरावा नाही, आणि गावातला एकही माणूस तोंड उघडत नाही. वैजनाथ सर सगळीकडं सांगतात, त्या मॅडमनी पुस्तकाच्या नादात एक संसार मोडला. व्यंकटला मी फोन केला. तो म्हणाला, मॅडम, कूलरचा आवाज असंल तो.

कूलर दार उघडा म्हणत नाही, व्यंकट.

आता शेवटचं.

ताईंना घेऊन मी किनवटला गेले. नांदेडहून रेल्वेनं. ज्ञानेश्वरीची आई, विठाबाई, जंगलाकडेच्या एका गावात राहते. एकटीच. ताईंनी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. म्हणाल्या, माफी मागायचं तोंड न्हाई मला. विठाबाईनं त्यांना उठवलं नाही, हाकललंही नाही.

मग माझ्याकडं वळली.

"तुमी ऐकला ना आवाज? रडत व्हती का पोरगी?"

मी खरं सांगितलं. आधी पाणी मागत होती. मग रडत नव्हती. रागावली होती. फार रागावली होती.

विठाबाईचा चेहरा बदलला. काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण ते दुःख नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "जिती व्हती तवा कदी कुणावर रागावली न्हाई."

मग तिनं विचारलं, आता कुठं असंल ती?



खोलीत कुणी नव्हतं, एवढंच मला माहीत आहे. आणि दार आम्ही उघडंच टाकून आलो होतो.